ज्योत पिणारे इंजिन : पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत सिलिंडरच्या छिद्रासमोर ठेवलेली असते, पिस्टन बाहेर सरकताना ती ज्योत छिद्रातून आत ओढून घेतो, झडप मिटते आणि पुढच्याच क्षणी पिस्टन कोणीतरी ढकलल्यासारखा परत आत येतो. इंग्रजीत या इंजिनाला फ्लेम लिकर किंवा फ्लेम ईटर म्हणतात. मी त्याला ज्योत पिणारे इंजिन म्हणतो, कारण दिवे मालवलेल्या खोलीत ते चालताना पाहिले की नेमके तेच दिसते. ज्यांनी लेथवर थोडेफार काम केले आहे, किंवा जवळच्या वर्कशॉपमधून भाग करून घेण्याची ज्यांची तयारी आहे, पण असे इंजिन अजून बनवलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातली मापे एकाच नमुन्याची आहेत : सिलिंडरचा आतला व्यास २० मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सरक, २५ मिमी. याहून लहान इंजिन पहिल्या प्रयत्नात घेऊ नये. आकार लहान होत जातो तशी ताकद झपाट्याने घटते, घर्षण मात्र त्या प्रमाणात घटत नाही.

पिस्टनला ढकलतो कोण

ज्योत पिस्टनला ढकलते असा समज बहुतेकांचा होतो आणि तो समज मनात ठेवून इंजिन बनवले की जुळवणी चुकतच जाते. इथे स्फोट नाही आणि दाबही नाही. पिस्टन बाहेर जाताना सिलिंडरमध्ये गरम, विरळ वायू भरतो. झडप बंद झाली की तो वायू सिलिंडरच्या तुलनेने थंड भिंतींना लागून निवतो, त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा पिस्टनला आत दाबते. म्हणजे काम करते ती आपल्याभोवतीची हवाच. ज्योत फक्त तिच्यासाठी जागा मोकळी करून देते. १७१२ साली इंग्लंडमध्ये डडली येथे थॉमस न्यूकमेनने खाणीतले पाणी उपसण्यासाठी जे इंजिन उभे केले, त्यातही हेच तत्त्व होते. तिथे ज्योतीऐवजी वाफ होती आणि ती थंड पाण्याच्या फवाऱ्याने निववली जात असे.

हवेचा हा जोर किती, याचा हिशेब सुरुवातीलाच करावा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे. २० मिमी व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंमी येते. आत घेतलेला वायू सरासरी ४०० अंश सेल्सिअसचा होता आणि तो १२० अंशांपर्यंत निवला असे धरले, तर आकारमान तेवढेच राहिल्यास दाब सुमारे ४२ टक्क्यांनी उतरेल आणि पिस्टनवर सुमारे १३ न्यूटन, म्हणजे सव्वा किलोहून थोड्या जास्त वजनाइतका जोर येईल. हे झाले कागदावर. वायू आत शिरतानाच निवू लागतो, काही हवा फटींतून आत येते, पिस्टन आत सरकू लागला की पोकळी भरू लागते; प्रत्यक्षात याच्या निम्माही जोर हाती लागत नाही, आणि तोही चक्राच्या अर्ध्याहून कमी भागात. उरलेला सगळा फेरा फ्लायव्हीलच्या, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकाच्या, पुंजीवर काढायचा असतो. म्हणून या इंजिनात कोणताही भाग बनवताना दोनच प्रश्न विचारावेत : इथे घर्षण किती आहे आणि इथून हवा गळते का.

हवेवर चालणारे इंजिन असल्यामुळे गावाची उंचीही त्याला जाणवते. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ५६० मीटरवर तो ९५ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास येतो. कोकणात जेमतेम चालणारे इंजिन घाटावर आणून सुरू होत नसेल तर त्यात नवल नाही.

सिलिंडर

सिलिंडरसाठी बीड (कास्ट आयर्न) वापरावे. बिडाच्या अंगात मूळचेच ग्रॅफाइट असते, त्यामुळे ते तेलाशिवाय सरकू देते, आणि हे इंजिन तेलाशिवायच चालवायचे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा कुठल्याही फाउंड्रीच्या आसपास ४० मिमी व्यासाचा गोल तुकडा सहज मिळतो. मात्र तो बारीक भोकांचा, म्हणजे ब्लो होल असलेला नसावा, कारण भिंतीतले एक भोकही पोकळी खाऊन टाकते. तुकड्याची लांबी ५० मिमी ठेवावी. बाहेरून व्यास ३६ मिमीवर आणून छिद्राकडच्या ३० मिमी भागात २ मिमी रुंदीच्या खाचा घेऊन पंखे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ कडा (फिन), काढावेत. हे पंखे शोभेचे नाहीत. भिंत निवती ठेवण्याचे काम त्यांचेच आहे.

भोक आरपार ठेवावे आणि पुढचे झाकण वेगळे बसवावे. एका बाजूने बंद असलेल्या भोकाला लॅपिंग, म्हणजे बारीक पेस्टने घासून सारखे करणे, नीट जमत नाही. बोरिंग टूलने १९.९५ मिमीपर्यंत यावे आणि उरलेले लॅपने काढावे. लॅप म्हणजे भोकात जेमतेम जाणारा, उभा चिरलेला ॲल्युमिनियमचा दांडा. त्यावर गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारी बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून, लेथ सावकाश फिरवत, सिलिंडर हाताने पुढे-मागे सरकवत राहावा. एका जागी थांबू नये, नाहीतर भोक मध्ये पिंपासारखे फुगते. नेमका २०.०० मिमी आकार येणे गरजेचे नाही. भोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे असणे गरजेचे आहे, कारण पिस्टन आपण नंतर त्याच्या मापाने करणार आहोत. लॅपिंग झाल्यावर रॉकेलने आणि मग साबणाच्या पाण्याने, पांढरे फडके काळे होणे थांबेपर्यंत धुवावे. पेस्टचा कण राहिला तर तो पिस्टन खातो. धुतल्यावर लगेच कोरडे करून गरम करावे. बिडावर पाच मिनिटांतसुद्धा तांबूस गंज चढतो.

झाकण ५ मिमी जाड पोलादी पट्टीचे, चार एम३ स्क्रूंनी बसणारे करावे. मध्यभागी ६ मिमीचे छिद्र पाडून, छिद्राभोवतीची जाडी आतल्या बाजूने ३ मिमीपर्यंत कमी करावी. छिद्राचे बोगदे लांब झाले की ज्योत वाटेतच निवते. झाकणाचा बाहेरचा चेहरा हाच झडपेचा बसण्याचा पृष्ठभाग आहे. जाड काचेवर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थोडे पाणी टाकून, इंग्रजी आठच्या आकारात घासून तो पूर्ण सपाट करावा. झाकण आणि सिलिंडर यांच्या मध्ये कागदी गॅस्केट जळते. दोन्ही चेहरे सपाट करून उष्णतारोधक सिलिकॉनचा अगदी पातळ हात द्यावा.

काचेची सिरिंज सिलिंडर म्हणून वापरता येईल का, असे पुष्कळजण विचारतात. स्टर्लिंग इंजिनाला उष्णता बाहेरून मिळते, त्यासाठी ती उत्तम आहे. इथे ज्योत थेट आत शिरते आणि एकाच बाजूने तापलेली काच तडकण्याचा धोका राहतो, म्हणून मी ती टाळतो.

पिस्टन

माझे पहिले इंजिन तीन महिने चालले नाही आणि त्याचे निम्मे कारण पिस्टन होता. मी तो ॲल्युमिनियमचा केला होता, हलका असावा म्हणून. थंड असताना तो सुरेख सरकत असे, आणि दोन मिनिटांनी अडकत असे. हिशेब साधा आहे : तापमान १०० अंशांनी वाढले तर २० मिमी व्यासाचे ॲल्युमिनियम सुमारे ०.०४६ मिमी वाढते, बीड सुमारे ०.०२१ मिमी. मी ठेवलेली फट होती ०.०१५ मिमी. ती फट भरून जाऊन वर पिस्टन दाबला जात होता.

ग्रॅफाइटचा पिस्टन हा सर्वांत चांगला उपाय आहे. ते बिडापेक्षा कमी प्रसरण पावते, हलके असते आणि स्वतःच वंगणाचे काम करते. विकत घ्यायला ते महाग पडते, पण भोसरी, चाकण किंवा अशा कोणत्याही औद्योगिक भागातल्या डाय बनवणाऱ्या कारखान्यांत स्पार्क इरोजन मशिनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारे यंत्र) वापरून झालेले ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड भंगारात पडलेले असतात. विनंती केली तर एखादा तुकडा मिळतो. हे ग्रॅफाइट बारीक कणांचे आणि घट्ट असते, आपल्याला तेच हवे. कार्बन ब्रशचे मऊ ग्रॅफाइट चालत नाही, त्याच्या कडा ढासळतात.

ग्रॅफाइट कातताना त्याची पूड हवेत उडते, फुप्फुसात जाते आणि वीजवाहक असल्यामुळे मोटरमध्ये शिरून शॉर्टही करते. तोंडावर मास्क बांधावा, लेथच्या बेडवर ओला कागद पसरावा आणि टूलजवळ व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप धरावा. पिस्टनची लांबी २४ मिमी ठेवावी. व्यास भोकापेक्षा ०.०१ ते ०.०२ मिमी कमी हवा. शेवटचे दोन-तीन शतांश टूलने न काढता कोऱ्या कागदाने काढावेत. साधा छपाईचा कागद ग्रॅफाइटला पुरेसा खरखरीत असतो. पॉलिश पेपर इथे वापरू नये, त्याचे कण ग्रॅफाइटमध्ये रुततात आणि मग पिस्टनच लॅपसारखा सिलिंडर कातू लागतो. रिंग बसवायची नाही. कनेक्टिंग रॉडची पिन थेट ग्रॅफाइटमध्ये घेतली तर ते तडकते, म्हणून पिस्टन आतून पोकळ करून त्यात ॲल्युमिनियमचा छोटा दुबेळका तुकडा एम३ स्क्रूने बसवावा आणि स्क्रूच्या डोक्याखाली सिलिकॉन लावावे.

आता पहिली कसोटी. सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही कोरडे, तेलाचा अंश नसलेले असावेत. झाकण बसवून सिलिंडर उभा धरावा, छिद्र खाली. छिद्र बोटाने बंद करून वरून पिस्टन सोडला तर तो हवेच्या उशीवर तरंगल्यासारखा थांबला पाहिजे किंवा अगदी सावकाश उतरला पाहिजे, आणि बोट काढताच स्वतःच्या वजनाने अलगद खाली गेला पाहिजे. बोट ठेवूनही तो भराभर उतरत असेल तर गळती आहे; बोट काढूनही अडत असेल तर तो घट्ट आहे. ही कसोटी पार केल्याशिवाय पुढचा एकही भाग बनवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुढे इंजिन चालले नाही की संशयाच्या दहा जागा असतात. त्यांतल्या दोन इथेच कायमच्या मिटतात.

झडप आणि कॅम

झडपेसाठी फीलर गेजचे, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पानांच्या मापकाचे, एक पान घ्यावे. ०.२० मिमी जाडीचे हे पान स्प्रिंग स्टीलचे, सपाट आणि बहुधा अर्धा इंच, म्हणजे आपल्या टर्नरांच्या भाषेत चार सूत रुंदीचे असते. ६ मिमीच्या छिद्राला ते दोन्ही बाजूंनी ३ मिमीहून जास्त झाकते. जुन्या गेजमधले एक पान या कामी खर्च झाले तर वाईट वाटून घेऊ नये. पान एका लिव्हरच्या टोकाला सैल पिनने अडकवायचे आणि ते झाकणाच्या चेहऱ्यावरून आडवे सरकत छिद्र उघडेल व झाकेल असे बसवायचे. त्याला चेहऱ्याकडे अगदी किंचित बाक द्यावा, इतका की फुंकर मारली तर पान उचलले जावे.

हा हलकेपणा जाणूनबुजून ठेवायचा आहे. आत पोकळी निर्माण झाली की बाहेरची हवाच पान छिद्रावर दाबून धरते. वेगळ्या जोराची गरज नसते. उलट, पिस्टन आत येता येता पोकळी संपते आणि उरलेला वायू थोडा दाबला जातो, तेव्हा या लवचिक पानाने स्वतःहून उचलून त्याला वाट दिली पाहिजे. त्या वेळी जो 'पप्' असा आवाज येतो तो पुढे जुळवणीत फार उपयोगी पडतो. पान जाड किंवा घट्ट असेल तर तो अडकलेला वायू पिस्टनलाच ब्रेक लावतो.

पान सरकण्याचे अंतर सुमारे ९ मिमी लागते. एवढी उचल थेट कॅमवर, म्हणजे शाफ्टसोबत फिरणाऱ्या उंचवट्याच्या चकतीवर, घेतली तर कॅम मोठा आणि त्याची चढण तीव्र होते, म्हणून कॅमची उचल ४.५ मिमी ठेवून लिव्हरची दोन अंगे एकास दोन अशी करावीत. कॅमवर फिरणारा भाग म्हणून ६२३ नंबरचे छोटे बेअरिंग लावावे. नुसत्या पिनचे घर्षण या इंजिनाला परवडत नाही. परत ओढणारी स्प्रिंग जितकी कमजोर चालेल तितकी कमजोर घ्यावी. बॉलपेनमधली स्प्रिंगही जरा जास्तच कडक पडते, ती ताणून थोडी लांब करावी लागते.

कॅम एकसंध न करता दोन सारख्या चकत्यांचा करावा, ही माझी खास शिफारस आहे. प्रत्येक चकतीचा उंच भाग १२० अंशांचा ठेवायचा, दोन्ही शाफ्टवर शेजारी शेजारी बसवायच्या, आणि बेअरिंग दोन्हींवर एकदम टेकेल इतके रुंद पोलादी कडे बेअरिंगवर चढवायचे. दोन चकत्या एकमेकींपासून ३० अंश फिरवल्या की झडप एकूण १५० अंश उघडी राहते. प्रत्येक चकतीला शाफ्टवर आवळणारा स्वतंत्र ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) असल्यामुळे झडप कधी उघडावी आणि कधी मिटावी, हे दोन्ही वेगवेगळे बदलता येते. एकसंध कॅममध्ये एक सुधारायला जावे तर दुसरे बिघडते.

शाफ्ट, बेअरिंग, फ्लायव्हील

इथे फार सांगण्यासारखे नाही. शाफ्ट ५ मिमी सिल्व्हर स्टीलचा, बेअरिंगे ६२५ नंबरची, क्रँकचा अर्धव्यास १२.५ मिमी, कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आणि दोन भोकांमधले अंतर ६५ मिमी. फ्लायव्हील पितळेचे किंवा बिडाचे, ८० मिमी व्यासाचे, मधला भाग कोरून वजन कडेला ठेवलेले, सुमारे ३०० ग्रॅमचे असावे. हे सर्व १२ मिमी जाड ॲल्युमिनियमच्या पाटावर उभे करावे.

बेअरिंगबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. नवे बेअरिंग रबरी सील आणि जाड ग्रीससह येते. बोटाने फिरवले तर ते छान वाटते, पण सोडल्यावर अर्ध्या फेऱ्यात थांबते. माझ्या पहिल्या इंजिनाच्या अपयशाचे दुसरे निम्मे कारण हेच होते. सील सुईने उचलून काढावेत, ग्रीस पेट्रोलने मोकळ्या हवेत, कुठेही ज्योत नसताना धुऊन टाकावे आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या गावातल्या बेअरिंगच्या दुकानात झेडझेड म्हणून पत्र्याच्या झाकणाचे बेअरिंग मागितले तर काम अधिक सोपे होते.

जुळवणी झाल्यावर दुसरी कसोटी घ्यावी. झडपेचे पान काढून ठेवून, छिद्र पूर्ण उघडे असताना, फ्लायव्हीलला बोटाने एक झटका द्यावा. इंजिन वीसेक फेरे सहज घेऊन, शेवटी कुठेही न अडखळता, थोडे मागे-पुढे झुलून थांबले पाहिजे. दर वेळी एकाच जागी थांबत असेल तर तिथे काहीतरी तिरके आहे. बहुधा सिलिंडरचा अक्ष आणि क्रँकचा अक्ष काटकोनात नसतो. सिलिंडरच्या बैठकीचे स्क्रू सैल करून, फ्लायव्हील फिरवत फिरवत ते परत आवळले की पुष्कळदा तो स्वतःच आपली जागा शोधतो. त्यानंतर पान बसवून तीच कसोटी घ्यावी. फेरे निम्म्याहून कमी झाले तर झडपेची यंत्रणाच ताकद खाते आहे.

दिवा

इंधन म्हणून फर्निचरच्या पॉलिशसाठी मिळणारे डिनेचर्ड स्पिरिट वापरावे, मात्र त्यात लाख मिसळलेली नसावी. थिनर, पेट्रोल, रॉकेल अजिबात नको. काजळी तर धरतेच, शिवाय उघड्या वातीत ते धोक्याचे आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलची ज्योत पिवळी आणि थोडी काजळीची असते, छिद्र आणि पान काळे होते. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते, जे विषारी आहे, म्हणून खोली हवेशीर असावी, स्पिरिट हाताला लागू देऊ नये आणि बाटलीवर ठळक चिठ्ठी लावावी.

दिव्याची नळी १० मिमी व्यासाची पितळी, वात सुती धाग्यांची, फार ठासून न भरलेली. ज्योत २५ ते ३० मिमी उंच हवी. दिव्याची टाकी सिलिंडरपासून शक्य तितकी दूर, आडव्या नळीने जोडलेली असावी, म्हणजे ती तापत नाही. सगळे इंजिन स्टीलच्या मोठ्या ताटात ठेवावे, शेजारी ओले फडके असावे. स्पिरिट पाण्यात मिसळते, म्हणून सांडून पेटले तर पाण्याने विझते. जळत्या किंवा गरम दिव्यात स्पिरिट ओतू नये, आणि उजेडात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही हे लक्षात ठेवून विझली असे वाटले तरी हात वर धरून खात्री करावी. मुले पाहायला येतातच. त्यांना ताटापासून हातभर दूर बसवावे.

पहिली सुरुवात

छताचा पंखा बंद करावा, खिडकी अर्धी लावावी, खोलीत थोडा अंधार करावा. कॅमची पहिली बैठक अशी ठेवावी : पिस्टन अगदी आतल्या टोकाला पोचून बाहेर निघताच झडप उघडू लागावी, आणि बाहेरच्या टोकाला पोचण्याच्या सुमारे ३० अंश आधी ती पूर्ण मिटावी. ज्योतीचा मधला भाग छिद्राच्या समोर, आणि वातीची कड झाकणापासून ३ मिमीवर असावी.

दिवा लावल्यावर लगेच फ्लायव्हील फिरवण्याची घाई होते. तसे करू नये. स्पिरिट जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि थंड सिलिंडरच्या भिंतीवर ती दव धरावे तशी जमते. ओला पिस्टन मग चिकटून बसतो. एक-दीड मिनिट सिलिंडर तापू द्यावा, मग फ्लायव्हील हाताने सावकाश वीस-पंचवीस वेळा फिरवून आतली ओल बाहेर काढावी, छिद्राजवळ पाणी दिसले तर फडक्याने टिपावे. त्यानंतर योग्य दिशेने झटका द्यावा. कॅम एकाच दिशेसाठी बसवलेला असतो, उलट फिरवले तर इंजिन चालणार नाही. पहिल्या चार-सहा झटक्यांत ते आठ-दहा फेरे घेऊन थांबेल. तेवढ्यात एक गोष्ट हाताला जाणवली पाहिजे : झडप मिटल्यानंतर पिस्टन आत ओढला जातो आहे. ती ओढ असेल तर इंजिन चालणारच, फक्त जुळवणी राहिली आहे. ओढ अजिबात नसेल तर कॅमला हात न लावता पुन्हा गळती शोधावी.

बारीक जुळवणी

या कामाला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी आणि शेजारी वही ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलण्याआधी कॅमवर आणि शाफ्टवर पेनने खूण करायची, आणि काय बदलले, काय झाले हे लिहायचे. दोन गोष्टी एकदम बदलून इंजिन सुधारले तर कशामुळे सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तर परत जाण्याची वाट राहत नाही.

प्रथम ज्योतीची जागा ठरवावी, कारण तिला काही सैल करावे लागत नाही आणि फरक मात्र सर्वांत जास्त तिथेच पडतो. दिवा अर्धा-अर्धा मिमी सरकवत जावा. ज्योत दूर असेल तर छिद्रातून साधी हवाच जास्त आत जाते. फार जवळ असेल तर पानाच्या 'पप्' करण्याने ती विझते किंवा झाकण विनाकारण तापते. योग्य जागी आली की दर फेऱ्याला ज्योतीची निळी जीभ छिद्राकडे वळलेली स्पष्ट दिसते आणि फेऱ्यांचा वेग कानाला जाणवेल इतका वाढतो.

त्यानंतर झडप मिटण्याची वेळ. ती उशिरा मिटत असेल तर पिस्टन बाहेरच्या टोकाला पोचून परतू लागला तरी छिद्र उघडे राहते आणि पोकळी तयारच होत नाही. फार लवकर मिटत असेल तर पिस्टनला उरलेला प्रवास पोकळीच्या विरुद्ध करावा लागतो आणि गरम वायूही कमी भरतो. झडप मिटण्याची वेळ ठरवणाऱ्या चकतीला पाच-पाच अंश सरकवत दोन्ही बाजू तपासाव्यात. माझ्या इंजिनांत सर्वांत चांगली जागा बाहेरच्या टोकाच्या २० ते ३५ अंश आधी सापडली आहे. तुमच्या सिलिंडरच्या निवण्यावर ती थोडी हलेल. उघडण्याची वेळ याच्याइतकी नाजूक नसते, पण ती लवकर झाली तर पोकळी शिल्लक असतानाच हवा आत घुसते आणि त्या फेऱ्याचा शेवटचा जोर वाया जातो. शिवाय पोकळीने दाबून धरलेले पान सरकवायला कॅमलाही जोर पडतो.

आता 'पप्' या आवाजाकडे यावे. नीट चालणाऱ्या इंजिनात तो हलका, जेमतेम ऐकू येणारा असतो. तो मोठा झाला याचा अर्थ पिस्टन आत येताना बाहेर टाकायला बराच वायू उरला आहे, आणि त्याची कारणे दोनच : एकतर कुठूनतरी हवा आत गळली, किंवा वायू पुरेसा निवला नाही. थंड इंजिनातही आवाज मोठा असेल तर गळती शोधावी. पानाखाली काजळीचा कण असणे हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. सुरुवातीला आवाज लहान असून चार-पाच मिनिटांनी मोठा होत जात असेल आणि वेगही मंदावत असेल, तर सिलिंडर तापला आहे. अशा वेळी मोठी ज्योत लावून इंजिनाला मदत करण्याचा मोह होतो, आणि नेमके तेच चुकते. ज्योत लहान करावी. तरीही फरक पडला नाही तर पंख्यांच्या खाचा आणखी खोल कराव्यात, किंवा झाकणाला ज्योतीची धग कमी लागेल असे दिव्याचे तोंड किंचित खाली घ्यावे. सिलिंडर हाताला चटका देण्याइतका गरम असावा, म्हणजे पाणी जमत नाही. पण त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब नाचत उडून जाण्याइतका तापलेला नसावा.

एखादा दिवस असा येतो की कालपर्यंत उत्तम चालणारे इंजिन काही केल्या चालत नाही. अशा वेळी कॅमला हात लावू नये. बहुतेक वेळा पिस्टनवर कोणीतरी प्रेमाने तेल सोडलेले असते. तेल तापून चिकट होते आणि त्याचा थर घासून निघत नाही. पिस्टन आणि सिलिंडर स्पिरिटने पुसून, कोरडे करून बसवले की इंजिन पूर्ववत होते. तेल फक्त बेअरिंगांना आणि लिव्हरच्या पिनांना, तेही सुईच्या टोकाने.

सगळे जुळल्यावर या मापाचे इंजिन मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास, तासभर अखंड चालू राहू शकते. त्याच्याकडून काही काम करून घेता येईल अशी अपेक्षा ठेवू नये; एक वॅटसुद्धा त्याच्याकडून मिळणे कठीण आहे.

थांबवताना ज्योत आधी बाजूला घ्यावी आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत कोरडी हवा पिऊ द्यावी, म्हणजे आतली उरलेली वाफ बाहेर पडते. गार झाल्यावर पान उचलून झाकणाचा चेहरा आणि पानाची आतली बाजू पुसावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, इंजिन नुसते कपाटात ठेवले तर आठवड्याभरात भोकाला गंजाचे ठिपके येतात आणि लॅपिंग पुन्हा करावे लागते. म्हणून पिस्टन काढून वेगळा ठेवावा, सिलिंडरच्या आत पातळ तेलाचा हात द्यावा, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि पुन्हा चालवण्याआधी ते तेल स्पिरिटने पूर्ण काढून टाकावे.